मल्टिपल स्क्लेरोसिस : निदान आणि निदानाचे भ्रम

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज ह्याचा नातू सर ऑगस्टस डेस्टे हा १८२२ सालच्या डिसेंबर महिन्यांत स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांत एका वडीलधाऱ्या आप्ताच्या भेटीस गेला. ह्या आप्तावर त्याचें पुत्रवत् प्रेम होतें. परंतु तो पोंचला तेव्हां आप्त निवर्तला होता. अंत्यविधीच्या वेळीं चारचौघांदेखत रडूं येऊं नये म्हणून त्यानें मनाशीं पुष्कळ झगडा केला, पण अश्रू आवरले नाहींत. पुढें थोड्याच दिवसांत आलेलीं पत्रें त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावीं लागलीं. बारीक वस्तु त्याला स्पष्ट दिसेनात. वय अवघें अठ्ठावीस. कोणताहि उपचार न होतां डोळे आपोआप पूर्ववत् झाले. ही हकीकत त्यानें आपल्या रोजनिशींत त्या शोकाच्या प्रसंगास लागूनच लिहून ठेविली आहे.

१८२७ सालीं तो इटलींत फ्लॉरेन्स येथें असतां त्याला एका वस्तूच्या दोन दिसूं लागल्या. तेंहि बरें झालें. मग पायांतील शक्ति गेली. तेथील डॉक्टरनें दिवसांतून दोनदां बीफस्टेक खाण्याचा आणि शेरी व मदिरा ह्या मद्यांचें सेवन करण्याचा सल्ला दिला. यथावकाश पाय पुन्हां चालूं लागले. श्रेय मद्यांना मिळालें असल्यास नवल नाहीं. अशा रीतीनें दुखणें यावें, जावें, पुन्हां निराळ्याच ठिकाणीं उमटावें, आणि दर खेपेस जातांना कांहीं तरी अवशेष ठेवून जावें, असा क्रम कित्येक वर्षें चालला. अखेरीस पाय पार निकामी झाले, आणि १८४८ सालीं तो वारला. ह्या सव्वीस वर्षांत एकाहि वैद्याला त्याच्या रोगाचें नांव सांगतां आलें नाहीं, कारण तें नांव अद्याप जन्मासच आलें नव्हतें. बरोबर शंभर वर्षांनीं, १९४८ सालीं, डग्लस फर्थ ह्यांनीं ती रोजनिशी प्रसिद्ध केली, तेव्हां मात्र वाचणाऱ्या तज्ज्ञांना रोग ओळखण्यास विशेष अडचण पडली नाहीं. तो मल्टिपल स्क्लेरोसिस होता.

ह्या उशिरा झालेल्या निदानासाठीं रक्त तपासावें लागलें नाहीं, कीं कोणतें यंत्र लावावें लागलें नाहीं. रोगी तर मातीस मिळून शतक लोटलें होतें. डोळा, मग पाय, मग मूत्राशय. डिसेंबर, मग पांच वर्षांनीं ऑक्टोबर. एवढें कागदावर तारीखवार असणें पुरें झालें. आज हातीं उत्तम साधनें आहेत, तरीहि ह्या रोगाच्या निदानाचा पाया तोच आहे. एका चांचणीनें ‘आहे’ किंवा ‘नाहीं’ असा निकाल लागावा, असा हा रोग नव्हे. आणि जेथें एका चांचणीवर निकाल लावण्याची घाई होते, तेथेंच बहुतेक चुका होतात.

ह्याचें कारण रोगाच्या स्वरूपांतच आहे. मेंदू, पृष्ठरज्जु आणि डोळ्यांकडे जाणारे दृष्टितंतु ह्यांतील ज्ञानतंतूंवर मायलिन नांवाचें स्निग्ध वेष्टन असतें. विजेच्या तारेवरील वेष्टनाशीं त्याची तुलना नेहमीं करितात, ती पुष्कळशी योग्य आहे. त्या वेष्टनामुळेंच संदेश त्वरेनें व न चुकतां पोंचतो. ह्या रोगांत शरीराचीच संरक्षक व्यवस्था त्या वेष्टनावर ठिकठिकाणीं हल्ला करिते. वेष्टन निघालेल्या जागीं प्रथम सूज येते, मग कठिण वण राहतो. अशा वणाला कोणत्याहि एका जागेचें बंधन नाहीं. तो दृष्टितंतूंत पडला तर नजर मंदावते, पृष्ठरज्जूंत पडला तर पायाला मुंग्या येतात, मेंदूच्या देठांत पडला तर घर फिरूं लागतें. पुष्कळ वण तर कोणतेंहि लक्षण न दाखवितां मुकाट्यानें पडून राहतात. म्हणून दोन रोग्यांची कहाणी क्वचितच एकसारखी असते. रोग बहुधा वीस ते चाळीस ह्या वयांत प्रथम प्रकट होतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत दुपटीतिपटीनें अधिक आढळतो.

ह्या रोगाला स्वतंत्र अस्तित्व मिळालें तें पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांत, १८६८ च्या सुमारास, आणि तें देणारे होते झां मार्तें शार्को. प्रेतांच्या पृष्ठरज्जूंत असे डाग आढळतात हें कार्सवेल व क्रूव्हेल्ये ह्यांनीं पूर्वींच चित्रें काढून दाखविलें होतें. परंतु ते डाग आणि जिवंत माणसाचें दुखणें ह्यांची सांगड शार्को ह्यांनीं घातली. फ्रॉइड हा त्यांचा शिष्य. गुरूच्या मृत्यूनंतर १८९३ सालीं लिहिलेल्या लेखांत त्यानें एक गोष्ट दिली आहे. हात थरथरत असल्यामुळें कोठेंच नोकरी न टिकणारी एक मोलकरीण शार्को ह्यांनीं आपल्या घरीं ठेवून घेतली. तिच्या हातून इतक्या बशा व ताटल्या फुटत कीं तिला ठेवणें खर्चाचें झालें. तरी त्यांनीं तिला दूर केलें नाहीं. ती वारल्यावर तिच्या शरीराच्या तपासणींत ते विखुरलेले वण सांपडले, आणि त्या थरथरीचें मूळ उघड झालें.

त्या थरथरींत निदानाचा एक मोठाच धडा होता. पार्किन्सनच्या कंपवातांत हात मांडीवर स्वस्थ पडला असतां थरथरतो, आणि वस्तु उचलावयास गेला कीं कंप थोडा कमी होतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्यें नेमकें उलट. हात स्वस्थ असतां स्थिर, आणि पेला जसजसा ओठांजवळ यावा तसतसा कंप वाढत जाऊन पाणी अंगावर सांडतें. त्या काळापर्यंत हे दोन्ही रोग एकाच गोणींत भरले जात. शार्को ह्यांनीं केवळ निरीक्षणानें ते पृथक् केले. तेव्हांपासून आजतागायत ह्या रोगाच्या निदानाचा इतिहास म्हणजे, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या रोगांना एकेक करून त्याच्यापासून वेगळें काढण्याचा इतिहास आहे.

अनुभवी डॉक्टर आरंभ करितो तो प्रश्नांपासून. पूर्वीं कधीं एक डोळा दुखून अंधुक झाला होता काय? ह्या रोगांतील नेत्रविकाराची चाल ठराविक असते: बहुधा एकच डोळा, तो फिरवितांना वेदना, आणि रंग फिके पडणें. विशेषतः लाल रंग विटकरी भासतो. कांहीं आठवड्यांत नजर बव्हंशीं परत येते, आणि रोगी तो प्रसंग विसरूनहि जातो. मान खालीं वाकविली असतां पाठीच्या कण्यांतून विजेचा झटका खालीं उतरल्यासारखा वाटतो काय? ह्या खुणेला लेर्मित ह्यांचें नांव आहे. गरम पाण्यानें स्नान केल्यावर किंवा उन्हांतून आल्यावर नजर अथवा पाय तात्पुरते दगा देतात काय? हें निरीक्षण ऊटहोफ ह्यांनीं १८९० सालीं नोंदविलें. पुढें रोग्याला ऊन पाण्याच्या टबांत बसवून लक्षणें उमटतात काय तें पाहण्याची एक परीक्षाच रूढ झाली होती. ती आतां सोडून दिली आहे, तें बरेंच झालें. ह्यांतील एकहि खूण केवळ ह्याच रोगाची नव्हे. मानेच्या मणक्यांनीं पृष्ठरज्जु दाबला गेला तरी मान वाकवितांना झटका येतो.

ह्यानंतर नियमांचा भाग येतो. १९६५ सालीं शूमाकर ह्यांच्या समितीनें व १९८३ सालीं पोझर ह्यांच्या समितीनें निदानाचे नियम बांधले. २००१ सालीं इयन मॅकडॉनल्ड ह्यांच्या अध्यक्षतेखालीं ते नव्यानें झाले, आणि मॅकडॉनल्डचे नियम ह्याच नांवानें वेळोवेळीं सुधारून ते आजहि चालू आहेत. त्यांतील तपशील बदलले, पण २०२५ सालच्या आवृत्तीपर्यंत तीन अटी बदलल्या नव्हत्या. वण एकाहून अधिक जागीं असले पाहिजेत, ते एकाहून अधिक काळीं पडलेले असावेत अशी २०२५ पर्यंत अट होती, आणि सर्व हकीकतीचा दुसऱ्या कोणत्याहि रोगानें अधिक चांगला उलगडा होत नसला पाहिजे. झटका मोजावयाचा तर तो निदान चोवीस तास टिकावा लागतो. दोन मिनिटें बोट बधिर झालें तर तो झटका नव्हे. दोन झटके निराळे मानावयाचे तर त्यांत निदान तीस दिवसांचें अंतर हवें.

एम.आर.आय. ह्या यंत्रानें पहिल्या दोन अटींचें काम फार सोपें केलें. १९८१ सालीं लंडनमध्यें ह्या रोगाचे वण जिवंत माणसाच्या मेंदूंत प्रथमच इतके स्पष्ट दिसले. ह्या वणांच्या आवडीच्या जागा ठरलेल्या आहेत: मेंदूच्या आंतील द्रवाच्या पोकळ्यांलगत, मेंदूच्या बाहेरच्या सालीजवळ, मेंदूच्या देठांत व लहान मेंदूंत, आणि पृष्ठरज्जूंत. पोकळ्यांलगतचे वण लांबट असून पोकळीवर काटकोनांत उभे असतात. एडिंबरोच्या डॉसन ह्यांनीं १९१६ सालीं त्यांचें सूक्ष्म वर्णन केलें म्हणून त्यांना ‘डॉसनचीं बोटें’ म्हणतात. काळाची अट पुरी करण्यासहि ह्या यंत्राची युक्ति चालते. गॅडोलिनियमचें औषध शिरेंतून दिलें असतां ताजा वण उजळतो, जुना उजळत नाहीं. एकाच चित्रांत दोन्ही दिसले म्हणजे दोन वेळचे हल्ले एका दिवशीं सिद्ध होतात. डेस्टेला जें दाखविण्यास पांच वर्षें लागलीं, तें आज एका दुपारीं दिसूं शकतें.

परंतु ह्याच सोयीच्या पोटीं गैरसोय जन्मली. मेंदूंतील पांढरे डाग हे काय एकाच रोगाची मिरास नव्हेत. वाढत्या वयांत, रक्तदाबांत, मधुमेहांत, तंबाखू ओढणाऱ्यांत, आणि अर्धशिशीनें बेजार झालेल्या तरुण स्त्रियांतहि ते दिसतात. डोकें दुखतें म्हणून एखादी बाई एम.आर.आय. काढविते, अहवालांत डिमायलिनेशनची शंका प्रकट केलेली असते, घरांतील सुशिक्षित मुलगा तो शब्द शोधून काढतो, आणि डॉक्टरची गांठ पडण्यापूर्वींच घर हवालदिल होतें. असे डाग बहुधा बारीक, वाटोळे, आणि वर सांगितलेल्या जागा सोडून पांढऱ्या द्रव्यांत कोठेंहि विखुरलेले असतात. पृष्ठरज्जूंत तर ते सहसा नसतातच. म्हणून पृष्ठरज्जु स्वच्छ आहे कीं नाहीं, हें पाहणें शहाणपणाचें.

हा धोका काल्पनिक नाहीं. अमेरिकेंतील चार केंद्रांतील तज्ज्ञांनीं २०१६ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. हा रोग असल्याचें चुकून सांगितले गेलेले ११० रोगी त्यांनीं तपासले. त्यांत अर्धशिशीचे रोगी सर्वांत अधिक होते. सुमारें तिसऱ्या हिश्शाच्या रोग्यांनीं तें चुकीचें नांव दहा वर्षें किंवा त्याहून अधिक काळ वागविलें होतें, आणि दहांपैकीं सुमारें सात जणांनीं ह्या रोगाचीं औषधें घेतलीं होतीं. नियम चुकीचे होते म्हणून हें घडलें असें नव्हे. जेथें खरा झटका आलेलाच नाहीं, तेथें झटका आलेल्यांसाठीं बांधलेले नियम लावण्यांत आले, हें त्याचें मोठें कारण.

डागांत डाग ओळखण्याचा एक मार्ग अलीकडे सांपडला आहे. त्याची कथा मनोरंजक आहे. १८६३ सालीं रिंडफ्लाइश ह्या जर्मन पंडितानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें कीं, ह्या रोगाच्या वणाच्या मध्यभागीं बहुधा एक बारीक रक्तवाहिनी असते. दीडशें वर्षें ही गोष्ट ग्रंथांत पडून होती. आतां शक्तिमान यंत्रांतून ती मधली शीर जिवंत माणसांत दिसूं लागली. अर्धशिशीच्या डागांत ती क्वचितच दिसते. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मॅकडॉनल्ड नियमांच्या नव्या आवृत्तींत ह्या शिरेला स्थान मिळालें आहे, आणि दृष्टितंतूलाहि वणाची पांचवी जागा म्हणून मान्यता मिळाली आहे.

पाठींतून पाणी काढण्याचें नांव काढतांच पुष्कळ घरांतून विरोध होतो. वास्तविक सुई कमरेच्या ज्या भागांत टोंचतात, तेथें पृष्ठरज्जु संपलेला असतो. त्यामुळें पाय लुळे पडतात ही समजूत निराधार आहे. कांहीं दिवस डोकें दुखण्याचा त्रास मात्र होऊं शकतो. ह्या पाण्यांत ऑलिगोक्लोनल बँड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या रेघा पाहतात. त्या पाण्यांत असून रक्तांत नसल्या, तर मेंदूच्या आवरणांच्या आंतच दाह चालू आहे असा अर्थ होतो. पाश्चात्त्य देशांतील रोग्यांत दहांपैकीं नऊजणांच्या जवळपास त्या सांपडतात. आशियांतील रोग्यांत हें प्रमाण कमी असतें, म्हणून रेघा नाहींत एवढ्यावरून रोग नाहीं असें ठरत नाहीं. उलट पाण्यांत पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या किंवा साखर उतरलेली दिसली, तर डॉक्टरनें निराळ्या दिशेला पाहावें. डोळ्यांपुढें चौकटींचा पट उलटसुलट करून मेंदूपर्यंत संदेश पोंचण्यास किती वेळ लागतो हें मोजण्याची एक परीक्षा १९७२ सालीं लंडनच्या हॅलिडे, मॅकडॉनल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केली. बरा झालेला, विसरला गेलेला डोळाहि तिच्यापुढें आपली जुनी दुखापत कबूल करितो.

आतां तिसरी अट: दुसरा कोणता रोग तर नव्हे? भारतांत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. शीत प्रदेशांच्या मानानें येथें मल्टिपल स्क्लेरोसिस विरळ. मुंबई-पुण्याच्या पारशी समाजांत तो अधिक आढळतो, असें डॉ. नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९० सालीं दाखवून दिलें. परंतु त्याचीं सोंगें घेणारे रोग येथें मुबलक आहेत.

त्यांतील पहिलें सोंग म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. १८९४ सालीं फ्रान्समधील लिऑन येथें देव्हिक ह्यांनीं त्याचें वर्णन केलें. तेव्हांपासून शतकभर तो मल्टिपल स्क्लेरोसिसचाच एक क्रूर प्रकार मानला गेला, कारण ह्यांतहि डोळे व पृष्ठरज्जु ह्यांवर घाला पडतो. २००४ सालीं अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्यें वँडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ह्या रोग्यांच्या रक्तांत एक विशिष्ट प्रतिद्रव्य सांपडलें. पेशींतून पाणी ये-जा करण्याचे जे दरवाजे असतात, त्यांपैकीं ॲक्वापोरिन-४ नांवाच्या दरवाजावर हें प्रतिद्रव्य हल्ला करितें. एवंच रोग सर्वस्वीं निराळा ठरला. ह्यांत नजर पार जाऊं शकते, दोन्ही डोळे एकदम जाऊं शकतात, आणि झटक्यानंतरची सुधारणा अपुरी असते. पृष्ठरज्जूंतील सूज तीन किंवा अधिक मणक्यांइतकी लांब पसरते, तर मल्टिपल स्क्लेरोसिसचा वण दोन मणक्यांच्याहि आंत राहतो. आणखी एक चमत्कारिक लक्षण आहे. कित्येक दिवस न थांबणारी उचकी किंवा ओकारी. असा रोगी साहजिकच पोटाच्या डॉक्टरकडे जातो, दुर्बिणीनें जठर तपासून घेतो, आणि तेथें कांहीं सांपडत नाहीं. दोष मेंदूच्या देठांतील वांतीच्या केंद्रांत असतो.

हा भेद केवळ विद्वानांच्या वादाचा नव्हे. मल्टिपल स्क्लेरोसिसवर दिलीं जाणारीं बीटा इंटरफेरॉन, नॅटालिझुमॅब व फिंगोलिमॉड हीं औषधें ह्या रोगांत अपाय करूं शकतात. तीं दिल्यानंतर तीव्र झटके आल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. एका झटक्यांत जन्माचें आंधळेपण येऊं शकतें. ह्या रोगाला रिटुक्सिमॅब, ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट अशीं निराळीं औषधें लागतात. म्हणून दोन्ही डोळे सुजले, पृष्ठरज्जूची सूज लांब दिसली किंवा झटका फार जबर आला, तर ॲक्वापोरिनच्या प्रतिद्रव्यासाठीं रक्त तपासल्याविना औषध सुरू करणें हा जुगार होय. त्याच वेळीं मॉग नांवाच्या दुसऱ्या प्रतिद्रव्याचीहि तपासणी होते. त्याचा रोग मुलांत विशेष, आणि त्यांत झटका जबर असला तरी सुधारणा बहुधा चांगली होते. त्याचे स्वतंत्र नियम २०२३ सालीं ठरले.

ताप, गोंवर किंवा दुसरा एखादा संसर्ग येऊन गेल्यावर थोड्या दिवसांनीं मुलाच्या मेंदूंत एकदम पुष्कळ मोठमोठे, धूसर कडांचे डाग उमटतात. मूल झांपड येऊन पडतें, वा बरळूं लागतें. हा दाह बहुधा एकदांच येतो. महाराष्ट्रांतील जुन्या पिढीला त्याचें एक कारण अजाणतां परिचित आहे. कुत्रें चावल्यावर पोटांत चौदा इंजेक्शनें घेत, त्यांतील सेम्पलची लस मेंढराच्या मेंदूपासून तयार होत असे. त्या मेंदूंतील मायलिनविरुद्ध कांहींच्या शरीरांत प्रतिक्रिया उठे, आणि लस जीव वांचवी त्याच वेळीं क्वचित् एखाद्याचे पाय नेई. भारतांत ती लस आतां बंद झाली आहे.

ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाची कथा अधिक साधी, आणि म्हणूनच चुकली तर अधिक लाजिरवाणी. हें जीवनसत्त्व वनस्पतींत नसतें. दूधदुभत्यांत थोडें असतें. कडक शाकाहारी घरांत, विशेषतः वृद्धांत आणि जठराच्या दुखण्यानें त्याचें शोषण बिघडलेल्यांत, त्याचा तुटवडा पडतो. तळपायांना मुंग्या येतात, जमीन कापसासारखी वाटते, अंधारांत किंवा तोंड धुतांना डोळे मिटले कीं तोल जातो. दोन्ही पाय सारखेच बिघडतात आणि हळूहळू बिघडतात. येऊन-जाऊन असणारें, एका बाजूस झुकणारें दुखणें हें नव्हे. ह्याचें मोल सुईच्या कांहीं मात्रांइतकें. परंतु वर्ष-दोन वर्षें दुर्लक्ष झालें तर गेलेलें परत येत नाहीं. नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या तर रक्त सुधारतें, आणि पृष्ठरज्जु आंतल्या आंत झिजतच राहतो.

क्षयाचें नांव भारतांत विसरून चालत नाहीं. मणक्याचा क्षय पृष्ठरज्जु दाबतो, मेंदूंतील क्षयाची गांठ एम.आर.आय.मध्यें उजळते, आणि अशा रोग्याला तपासाविना स्टेरॉईड दिलें, तर चार दिवस बरें वाटून मग रोग भडकतो. उपदंश, ल्यूपस, सारकॉइड, बेहसेटचा रोग, हींहि नांवें तज्ज्ञाच्या मनांत असावीं लागतात. ताप, वजन उतरणें, सांधे सुजणें, तोंडांत वारंवार फोड, ह्यांपैकीं कांहीं असलें कीं शंकेची दिशा बदलते. सर्वांची सर्व तपासणी करणें हा उपाय नव्हे. कोणत्या रोग्याची कोणती करावी, हें कहाणीवरून ठरतें.

उलट बाजूची चूकहि तितकीच जुनी आहे. तरुण स्त्री, आज हात बधिर, सहा महिन्यांनीं चक्कर, तपासावें तों कांहीं सांपडत नाहीं. मग ‘हिस्टेरिया’, ‘मनावर घेतलें आहे’, ‘सासरीं जमत नसेल’. असें ठरवून मोकळे होणारे घरांतहि असतात आणि दवाखान्यांतहि. बाबिन्स्की हे शार्को ह्यांचे शिष्य. त्यांनीं १८९६ सालीं दाखविलें कीं, तळपायाच्या कडेनें बोथट वस्तु ओढली असतां निरोगी माणसाचा आंगठा खालीं वळतो, मेंदूपासून येणारा मार्ग बिघडला असतां वर उठतो. ही खूण सोंग करून आणतां येत नाहीं. मनाच्या ताणानें खरोखरच हातपाय चालेनासे होतात, हेंहि तितकेंच खरें. पण त्या निदानाला स्वतःच्या खुणा आहेत, आणि बाकी कांहीं सांपडलें नाहीं एवढ्यावरून तें करावयाचें नसतें.

१९९३ पर्यंत ह्या रोगाची चाल बदलणारें मान्यताप्राप्त औषध नव्हतें. त्या सालीं अमेरिकेंत बीटा इंटरफेरॉनला मान्यता मिळाली, आणि मग एकामागून एक प्रभावी औषधें आलीं. वेळेवर सुरू केलीं तर तीं झटके पुष्कळ कमी करितात. पण गेलेलें मायलिन व तुटलेले तंतु परत आणीत नाहींत. त्यामुळें आज उशीरहि महाग पडतो आणि घाईहि. पहिला झटका आला असून अटी पुऱ्या होत नसल्या, तर चांगला डॉक्टर तसें स्पष्ट सांगतो, ठराविक महिन्यांनीं पुन्हां एम.आर.आय. काढावयास लावितो, आणि मध्यंतरीं जें जें होईल तें तारखेसह लिहून ठेवा म्हणतो.

जें निश्चित झालें तें रोग्याला सांगावें काय, हा प्रश्न पुष्कळ घरांत अजूनहि उठतो. मुलीचें लग्न व्हावयाचें असतें; वडील बाहेर येऊन हळूच म्हणतात, ‘डॉक्टरसाहेब, तिच्यासमोर नांव काढूं नका.’ वास्तविक हा रोग विवाहाला वा अपत्याला आड येत नाहीं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तर झटके कमीच होतात. औषधें मात्र आधीं जुळवून घ्यावीं लागतात, आणि तें जिचें शरीर तिला ठाऊक असल्याविना होणार कसें?

बार्बेलियन ह्या टोपणनांवानें लिहिणारा ब्रूस कमिंग्ज हा लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत नव्हे, तर तेथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयांत कीटकांचा अभ्यास करणारा तरुण. सप्टेंबर १९१५ मध्यें त्याचा विवाह झाला. नोव्हेंबरमध्यें सैन्यभरतीच्या तपासणीसाठीं त्याला जावें लागलें, तेव्हां त्याच्या डॉक्टरनें लष्करी डॉक्टरला देण्याकरितां एक बंद पाकीट त्याच्या हातीं दिलें होतें. लष्करी डॉक्टरनें त्याला पाहतांच नापास केलें. पाकीट देण्याची वेळच आली नाहीं. आगगाडींतून घरीं परततांना त्यानें तें फोडलें, आणि आपल्या रोगाचें नांव त्याला तेथें प्रथम कळलें. तें नांव त्याच्या पत्नीला विवाहापूर्वींच ठाऊक होतें, हें त्याला पुढें केव्हां तरी समजलें.